माणसाचं स्टेटस पैशावर ठरतं की जातीवर? घर भाड्याने देताना काय विचारतात ते बघा

तुमचा प्रश्न असा की कथा-कादंबऱ्यांत जे वर्ग दाखवतात, वरचे, मधले, खालचे, ते खऱ्या आयुष्यात तसेच असतात का, आणि आपल्याकडे माणसाची पत शेवटी पैशावर ठरते की जातीवर. मी साहित्याचा प्राध्यापक नाही. ठाण्यात भाड्याची घरं मिळवून द्यायचं काम करतो, म्हणजे एजंट, आणि लहानपणापासून लायब्ररीची सवय आहे, त्यामुळे माझं उत्तर या दोन गोष्टींतूनच येणार.

धंद्यात रोज दिसणारं आधी सांगतो. पार्टी चांगल्या कंपनीत, पगार लाखाच्या वर, डिपॉझिट तयार, टोकन द्यायला तयार, कागदपत्रं सगळी व्यवस्थित. मी मालकाला फोन करतो, आणि मालक पगार विचारायच्या आधी विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनावावरून कळलं नाही तर पुढचा प्रश्न, "मूळ गाव कुठलं?" तरी कळलं नाही तर "व्हेज आहेत ना?" पगार हा प्रश्न यानंतर कधीतरी येतो. मुसलमान पार्टी असेल तर बऱ्याच वेळा "माझं काही नाही हो, पण सोसायटी ऐकत नाही" एवढ्यावर फोन संपतो. एकटी बाई असेल, घटस्फोटित असेल, तर वेगळेच प्रश्न. म्हणजे कुठल्या घराचं भाडं परवडतं ते पैसा ठरवतो, पण ते घर तुम्हाला दाखवायचं की नाही ते बहुतेक वेळा तुमचं नाव ठरवतं, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, हे फोन मी स्वतः करतो आणि दर वेळी राग येतो.

म्हणून मी मराठी पुस्तकं वाचताना एक गोष्ट नेहमी बघतो, कोण कुठे राहतंय आणि कोणाला जागा मिळत नाहीये. वर्ग, जात, स्टेटस या सगळ्याचं उत्तर तिथे स्वच्छ दिसतं.

सगळ्यात आधी खरी घडलेली गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. 1917 साली डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून आलेले, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा करार होता म्हणून बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. तेव्हाच्या हिंदुस्थानात एवढं शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले. काही दिवसांत बोभाटा झाला, काठ्या घेऊन पारशी मंडळी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही काहीतरी कारण सांगून नाही म्हटलं. मग बाबासाहेब तिथल्या सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आता वर्ग जर फक्त शिक्षण, पगार आणि हुद्दा यांवर ठरत असता तर या माणसाला बडोद्यात बंगला मिळायला हवा होता. संस्थानात अधिकारी म्हणून आलेला माणूस, आणि रात्री झोपायला खोली नाही.

यानंतर बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचा, याच नावाचा संग्रह 1963 मध्ये आला. कथेतल्या तरुणाला गुजरातमध्ये रेल्वेत नोकरी लागते, सरकारी नोकरी, पक्का पगार, आणि खोली शोधायला गेल्यावर पहिला प्रश्न जातीचा. तो जात लपवतो आणि शेवटी उघड झाल्यावर मार खातो. बागुल स्वतः सुरतला रेल्वेत होते, हा अनुभव त्यांनी जवळून घेतलेला होता. बडोद्याच्या प्रसंगात आणि या कथेत चाळीसेक वर्षांचं अंतर आहे, मधे देश स्वतंत्र झाला, अस्पृश्यता बंद करणारी घटना आली, आणि तरी खोलीच्या दारातला प्रश्न तोच. मी ती कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढे कितीतरी दिवस मालकांशी फोनवर नीट बोलता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल की मग सगळं जातीवरच आहे, पैशाचा वर्ग वगैरे पुस्तकी गोष्ट. तसंही नाही, आणि इथेच खरा घोळ आहे, कारण जात आणि पैसा हे दोन वेगळे हिशोब नाहीत, एकातून दुसरा तयार होतो. मुंबईच्या कापड गिरण्यांचं उदाहरण घ्या. विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली (म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली) सुताची कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, त्याला थुंकी लागायची, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा म्हणजे विटाळ. म्हणून दलितांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात राहायचं. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, की मालकांविरुद्ध समान हक्क मागताय तर आधी कामगारांनी आपापसात ही बंदी उठवा. बघा म्हणजे, एक विटाळाची कल्पना, आणि तिच्यामुळे महिन्याच्या पगारात फरक, पगारातल्या फरकामुळे खोलीत फरक, पोरांच्या शाळेत फरक, आणि तीस वर्षांनी कोणीतरी म्हणणार की हे लोक गरीब वर्गातले आहेत, जातीचा काय संबंध.

गिरणगावातल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी 1920 च्या दशकात बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, साधारण 160 चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामायिक. खोली सगळ्यांची तेवढीच, पाण्याची रांग सगळ्यांना, गिरणीचा भोंगा सगळ्यांना एकच. आणि याच वरळीच्या बीडीडी चाळींत जानेवारी 1974 मध्ये शिवसेना आणि दलित पँथर यांच्यात दंगल पेटली. एकाच आकाराच्या खोल्यांत राहणारी, एकाच प्रकारचं काम करणारी माणसं एकमेकांसमोर उभी राहिली. नुसता वर्ग बघणाऱ्याला याचं उत्तर देता येत नाही.

मराठी साहित्यातली चाळ बघायला गेलात तर दोन चाळी दिसतात. एक पु. लं.ची 'बटाट्याची चाळ', 1958 ची. मला ती मनापासून आवडते, अजूनही वाचतो. पण त्या चाळीत कोण राहतं? मध्यमवर्गीय बिऱ्हाडं, नोकरदार पांढरपेशे लोक. पैसा बेताचाच, पण त्या गरिबीवर हसता येतं, कारण उद्या कोणी येऊन खोलीबाहेर काढेल अशी भीती नाही, आणि आज ना उद्या पोरगा शिकून ब्लॉकमध्ये जाणार हा विश्वास आहे. त्याच 1958 मध्ये याच मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं आणि उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे उभे राहिले, म्हणाले की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलित कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. हे बोलणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहत होता, तिथेच बसून लिहीत होता. त्यांच्या मुंबईवरच्या लावणीत मलबार हिल आणि परळ शेजारी शेजारी ठेवलेत, वर सुख भोगणारे आणि खाली राबणारे, कुठेही मोठे शब्द न वापरता नुसत्या दोन पत्त्यांनी वर्ग सांगितलाय. माझ्या मते मराठीत वर्गावर इतकं थेट क्वचितच कोणी लिहिलंय.

नारायण सुर्वेंचं नाव तर घ्यायलाच हवं. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून वाढवलेलं पोर, म्हणजे ज्याला जन्माची जात माहीतच नाही असा कवी. 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 चा, 'माझे विद्यापीठ' 1966 चा. त्यांच्या कवितेत माणूस कामगार म्हणून येतो आणि ताठ उभा राहतो. मला वाटतं की सुर्वेंना शुद्ध वर्गाची भाषा जमली त्यात याचा मोठा वाटा आहे, जातीचा शिक्का नसल्यामुळे ते थेट रस्त्यावरच्या माणसाशी नातं जोडू शकले. हे माझं मत आहे, कोणाला पटणार नाही.

पैसा आल्यावर काय होतं याचं उत्तर दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये आहे (1978). पुस्तकाची रचनाच अशी की पांढरपेशा झालेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा, मुंबईच्या कावाखाना वस्तीतला दगडू मारुती पवार, हे दोघं समोरासमोर बसलेत आणि दगडू सांगतोय, दया ऐकतोय. एकच माणूस, पण नोकरी लागली, कपडे बदलले, भाषा बदलली, आणि आतला दगडू काही गेला नाही. बढती मिळाली की माणूस वरच्या वर्गात गेला असं समाजशास्त्राच्या पुस्तकात लिहितात, 'बलुतं' वाचल्यावर त्या वरच्या वर्गात जाताना काय काय सोबत न्यावं लागतं ते कळतं.

आणि कुमुद पावडे. नागपूरच्या, दलित घरातल्या, संस्कृतमध्ये एम.ए. केलेल्या. 'अंतःस्फोट' 1981 मध्ये आलं. शिक्षण असूनही सोमकुवर आडनाव असताना नोकरी मिळत नव्हती, आंतरजातीय लग्नानंतर पावडे झाल्या आणि मग प्राध्यापकाची नोकरी मिळाली. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की याचं श्रेय कुमुद सोमकुवरचं नाही, ते पावडे या नावाचं. मालक मला फोनवर पूर्ण नाव का विचारतात हे ज्यांना कळत नाही त्यांनी हे एवढं जरी वाचलं तरी पुरे.

खरं तर हा वाद मराठीत नवा नाहीच. 1885 मध्ये पुण्यात ग्रंथकार सभा भरली तेव्हा जोतिराव फुल्यांना निमंत्रण होतं आणि त्यांनी जायला नकार दिला, पत्र लिहून कळवलं की जे लोक सगळ्यांना माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. ज्याला आपण आज अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची सुरुवात याच ग्रंथकार सभांपासून धरतात.

पैशाचा वर्ग किती क्रूर असू शकतो हे मात्र 1982 नंतरच्या गिरणगावात दिसलं. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. जयंत पवारांचं 'अधांतर' नाटक (1997) त्याच घरांत घडतं, एका खोलीत आई, बेकार मुलं, मुलगी, आणि घर हळूहळू आतून फुटत जातं. तिथे जात बाजूला पडते, नोकरी गेली की माणूस किती भराभर खाली घसरतो ते दिसतं, आणि शेजारची फिनिक्स मिल मॉल होते. त्या मॉलमध्ये सिक्युरिटीला उभं राहिलेलं पोरगं कदाचित त्याच गिरणीतल्या कामगाराचं असेल, असे लोक मला धंद्यात भेटलेत, लोअर परळ सोडून कल्याण-डोंबिवलीच्या पुढे गेलेले.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: पुस्तकांतला वर्ग खरा असतो, पण कोणी लिहिलंय ते बघून वाचा, कारण घरात बसून लिहिणाऱ्याला आणि घर नाकारलं गेलेल्याला तीच इमारत वेगळी दिसते. पैसा आणि जात यांत आपल्याकडे निवड करता येत नाही, पैशामुळे तुम्ही कुठल्या मजल्यापर्यंत जाल ते ठरतं आणि जात मधेच कुठेही लिफ्ट थांबवू शकते. आजकाल शहरात जात कुठे राहिली असं म्हणणारे बहुतेक लोक असे असतात ज्यांना कधी भाड्याने घर शोधताना पूर्ण नाव सांगायला भीती वाटली नाही.

कुठून सुरुवात करू असं असेल तर आधी बागुलांची ती एक कथा वाचा, एका बैठकीत होते. मग 'बलुतं'. 'बटाट्याची चाळ' आधीच वाचली असेल तर या दोन्हींनंतर पुन्हा वाचा, तिच्यातलं हसू तेवढंच छान वाटतं, पण कोण त्या चाळीत नाहीये ते आता लक्षात येतं. बायकांचं लिहिलेलं हवं असेल तर कुमुद पावडे, बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवारांचं 'आयदान', कारण घरातल्या घरात कोणाच्या ताटात काय पडतं हा वर्ग पुरुषांच्या पुस्तकांत कमी सापडतो. ही बरीचशी पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत सहज मिळतात, नसतील तर ग्रंथपालांना मागवायला सांगा.