‘पिनकोड नंबर’मधलं जास्तीचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेच्या सभासद-अर्जात पत्त्याच्या रकान्यात ‘पिनकोड नंबर’ असं छापलं होतं. एका सभासदाने हरकत घेतली, की ‘पिन’ म्हणजेच ‘पोस्टल इंडेक्स नंबर’. नंबर त्यात आलाच, मग पुन्हा नंबर कशाला? आणि कोड तरी कशाला? नुसतं ‘पिन’ छापा. प्रश्नकर्त्याला विचारायचंय, की ही हरकत बरोबर आहे का आणि याला चांगला मराठी शब्द कोणता.

हरकतीत तथ्य आहेच. ‘पिवळा पीतांबर’ आणि ‘गाईचं गोमूत्र’ यांना हसणाऱ्या माणसाने ‘पिनकोड नंबर’लाही हसायला हवं. एटीएममध्ये मशीन आधीच आहे, तरी आपण ‘एटीएम मशीन’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. तरीही माझं उत्तर सभासदाच्या अर्ध्याच बाजूने आहे. नंबर जरूर काढा, कोड मात्र राहू द्या. उलट या तीन तुकड्यांत सगळ्यात खरं बोलणारा तुकडा ‘कोड’ हाच आहे.

आधी नुसत्या ‘पिन’चं बघू. मराठीत हा शब्द आता फार गजबजलेला आहे. साडीला लावायची पिन, केसातली पिन, स्टेपलरची पिन, ‘बारीक पिनचा चार्जर आहे का?’ मधली पिन. त्यात बँकेच्या कार्डाचा पिन आला, आणि त्याचं पूर्ण रूप वेगळंच, ‘पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर’. आज कुणालाही ‘तुमचा पिन सांगा’ म्हटलं तर तो दचकतो, आणि दचकायलाच हवं. ‘पिनकोड सांगा’ म्हटलं की बिनधास्त सांगतो. म्हणजे ‘कोड’ इथे शोभेला नाही. कुठला पिन ते तो सांगतो. व्युत्पत्तीने जास्तीचा ठरलेला शब्द वापरात कामाचा निघतो, तो असा. डाक विभागही ‘पिन कोड’ असंच लिहितो, हे जाता जाता.

आता ‘नंबर’कडे. एक साधी गोष्ट पाहा: ४११०३० हा आकडा मोठ्याने वाचा. ‘चार लाख अकरा हजार तीस’ असं कुणी म्हणतं का? दुधाच्या हिशेबात, जमिनीच्या व्यवहारात नक्की म्हणेल, पत्ता सांगताना कधीच नाही. ‘चारशे अकरा, शून्य तीस’ म्हणेल, नाहीतर एकेक अंक सुटा सांगेल. कानाला जे कळलंय तेच खरं आहे. ही संख्या नाही, सहा अंकांत लिहिलेला पत्ता आहे. त्याची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही, आणि ४११०३१ हा ४११०३० पेक्षा एकाने ‘जास्त’ नसतो. म्हणून ‘पिन क्रमांक’ हे शुद्ध दिसणारं रूपही मला रुचत नाही. क्रमांकात क्रम हवा, रांग हवी. इथे रांग नाही, उतरंड आहे.

ती उतरंड अशी. पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो. १ म्हणजे दिल्लीपासून काश्मीरपर्यंतचा उत्तर भाग, २ उत्तर प्रदेश-उत्तराखंड, ३ राजस्थान-गुजरात. ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ५ आंध्र, तेलंगण, कर्नाटक, ६ तमिळनाडू-केरळ, ७ बंगाल, ओडिशा, ईशान्य भारत आणि तिकडे समुद्रात अंदमानही, ८ बिहार-झारखंड. ९ हा सैन्याचा, त्याकडे पुढे येतो. दुसरा अंक जोडला की उपविभाग मिळतो: ४० ते ४४ आपल्याकडे, ४५ ते ४८ मध्य प्रदेश, ४९ छत्तीसगड. गोव्याचा ४०३ आपल्या चाळिशीत का, तर गोवा टपालाच्या हिशेबात महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. तिसरा अंक धरला की वर्गवारीचा जिल्हा, म्हणजे पत्रांची थैली आधी कुठे जायची ते ठिकाण. उरलेले तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. म्हणूनच तिसऱ्या अंकानंतर थोडी जागा सोडून ‘४११ ०३०’ लिहिणं अर्थाला धरून आहे. डावी निम्मी बाजू थैलीसाठी, उजवी निम्मी पोस्टमनच्या कार्यालयासाठी.

इथे ‘जिल्हा’ शब्दाने हमखास फसगत होते, म्हणून जरा थांबतो. टपालाचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा एक नव्हेत. साताऱ्याचा पिनकोड ४१५००१ आणि रत्नागिरीचा ४१५६१२. मधे अख्खा सह्याद्री उभा, तरी पहिले तीन अंक सारखे. बहुतेक ठिकाणी मुख्य कार्यालयाला ००१ मिळतो, पण ४१५ मधला ००१ साताऱ्याने घेतल्यावर रत्नागिरीला ६१२ वर बसावं लागलं. कोल्हापूर ४१६००१, सांगली ४१६४१६, आणि घाट उतरून सावंतवाडीही ४१६५१०. याच्या उलट, महाबळेश्वर आणि वाई सातारा जिल्ह्यात असून त्यांचे पिनकोड ४१२ ने सुरू होतात, आणि ४१२ म्हणजे मुख्यतः पुण्याच्या आसपासचा ग्रामीण भाग. ठाणं ४००६०१ आणि वाशी ४००७०३, म्हणून ती मुंबईत गेली असं नाही. ठाणेकरासमोर तसं म्हणून बघा.

आणि हा नकाशा बऱ्यापैकी गोठलेला आहे. छत्तीसगड वेगळं झालं, झारखंड झालं, तेलंगण झालं, पण पहिले अंक हलले नाहीत. उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी ४१३५०१ तोच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तरी ४३१००१ तोच. औरंगाबाद तर बिहारमध्येही आहे, ८२४१०१. पत्त्यावर नुसतं ‘औरंगाबाद’ असलं तरी पहिला अंक ४ की ८ एवढं पाहिलं की काम झालं.

मुळात ही भानगड उभी राहिली ती याचसाठी. एकाच नावाची गावं, डझनभर लिप्या, आणि वर्गवारी करणाऱ्याला त्यातली एखाददुसरी वाचता येणार. याचा आमच्याकडचा नमुना म्हणजे वडगाव. वडगाव बुद्रुक ४११०४१. वडगाव शेरी ४११०१४. वडगाव मावळ ४१२१०६. तिन्ही पुणे जिल्ह्यात. शिवाय कोल्हापूरकडचं पेठ वडगाव ४१६११२. माझं एक पार्सल पाच दिवस यातल्या दोन वडगावांमध्ये येरझाऱ्या घालत होतं. पाठवणाऱ्याने ‘वडगाव, पुणे’ एवढंच लिहून सहा चौकोन कोरे ठेवले होते. बुद्रुक आणि शेरी यांतले अंक पुन्हा बघा: ०४१ आणि ०१४. दोन अंकांची अदलाबदल झाली की सिंहगड रस्त्यावरचं पत्र नगर रस्त्याकडे निघालं. साध्या क्रमांकात अशी चूक झाली तर शेजारच्या घरी जाऊन मागता येतं. संकेतात चूक झाली की शहराचं दुसरं टोक.

ही पद्धत सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तिचे जनक म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं नाव घेतलं जातं. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते. मराठी माणूस, आणि विशेष म्हणजे संस्कृतचे मोठे कवी. छंदोबद्ध रचनेत प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते, तिथे लघु की गुरू हे आधी ठरतं आणि मग शब्द बसतो. असल्या माणसाने प्रत्येक जागेला अर्थ असलेली सहा अंकांची ओळ रचावी, यात मला तरी नवल वाटत नाही. हा माझा काव्यमय तर्क; मंत्रालयाच्या फायलीत तो सापडणार नाही.

त्याआधी मोठ्या शहरांना टपालाचे लहान आकडे होतेच. ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’, ‘गिरगाव, मुंबई ४’, ‘मुंबई २८’. जुन्या पत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर, पुस्तकांच्या पहिल्या पानावर प्रकाशकाच्या पत्त्यात हे अजून दिसतात. पिनकोड आला तेव्हा ते आकडे टाकून न देता शेवटी बसवले: ४११०३०, ४००००४, ४०००२८. आमच्या आधीची पिढी आजही ‘पुणे तीस’ म्हणते आणि तिचं काही चुकत नाही. उतरंडीची खालची पायरी तेवढी सांगते, वरच्या पायऱ्या गृहीत धरते. त्या आकड्यांना मात्र ‘नंबर’ म्हणणं शोभत होतं. कदाचित ‘पिनकोड नंबर’मधलं शेपूट तिथूनच आलेलं असावं.

‘कोड’च्या बाजूने आणखी एक साक्षीदार म्हणजे सैन्याचा ९. फौजेतल्या मुलाला पत्र लिहिताना आई गावाचं नाव लिहीत नाही. युनिट लिहिते आणि पुढे ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय (आर्मी पोस्ट ऑफिस). जागा सांगायचीच नाही, तरी पत्र पोचलं पाहिजे. संकेत याहून वेगळा काय असतो? सर्वोच्च न्यायालयाचा स्वतःचा ११०२०१ आहे, तो एका आवारापुरता. उलट खेड्यात एकाच पिनकोडखाली अनेक शाखा कार्यालयं येतात. देशात टपाल कार्यालयं दीड लाखाहून जास्त आणि पिनकोड सुमारे १९ हजार, एवढ्यावरून प्रमाण कळावं. ‘माझ्या गावाचा पिनकोड’ हा शब्दप्रयोग म्हणून बहुधा सैलच असतो. तो आपल्या टपाल कार्यालयाचा असतो, गाव त्याच्या छायेत येतं.

आणि ‘नंबर’चा शेवटचा आधारही २०२५ मध्ये गेला. डाक विभागाने ‘डिजिपिन’ आणला: साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा खुणांचा एक संकेत. या दहा खुणांत अंक आहेत तशी रोमन अक्षरंही आहेत. त्याच्या पूर्ण रूपात ‘नंबर’ अजून आहे, पण अक्षरं मिसळलेल्या गोष्टीला नंबर म्हणायचं म्हणजे भाज्यांच्या टोपलीला कांदे म्हणण्यासारखं. लघुरूप एकदा शब्द बनलं की त्याची फोड कुणी करत बसत नाही; ‘पिन’चं तेच झालंय.

मराठी शब्दाबद्दल. ‘टपाल निर्देशांक’ हा ‘पोस्टल इंडेक्स’चा सरळ तर्जुमा, पण ‘निर्देशांक’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे महागाई किंवा शेअर बाजार येतो, चढणारं-उतरणारं काहीतरी. पिनकोड चढत नाही. ‘संकेतांक’ मात्र मला मनापासून आवडतो. संकेत म्हणजे कोड आणि अंक म्हणजे अंक, दोन्ही एका शब्दात नांदतात, आणि वाद मिटतो. ‘टपाल संकेतांक’ म्हणा किंवा ‘पिन संकेतांक’. फक्त त्यापुढे पुन्हा ‘क्रमांक’ लावू नका, नाहीतर पीतांबराला परत पिवळा रंग दिल्यासारखं होईल.

‘कोड’ मराठीत परका वाटतो, असाही सूर कधीकधी लागतो. पण हा उच्चार आपल्याकडे आधीपासून आहे, लाडकोडातला आणि कोडकौतुकातला. त्वचेवरचं कोडही आहे. त्यांची गल्लत होत नाही, कारण पुढेमागे काय आहे ते मराठी माणूस पाहतो.

तेव्हा अर्जात ‘पिनकोड’ असा एकच जोडशब्द छापा आणि पुढे सहा चौकोन द्या, तिसऱ्यानंतर किंचित अंतर सोडून. लिंगाचं म्हणाल तर टोचते ती पिन स्त्रीलिंगी, बँकेचा पिन माझ्या कानाला पुल्लिंगी, आणि पिनकोड तर निर्विवाद पुल्लिंगीच: ‘पिनकोड चुकला’, ‘चुकली’ नव्हे.