मोबाइलवर निवडलेली फाइल दुसऱ्या दिवशी का सापडत नाही?

रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून मोबाइल आणि डेस्कटॉप ॲप बनवायचं गूगलचं साधन) ॲप केलंय, काटापावतीची पीडीएफ निवडून तिचा पाथ, म्हणजे फाइल कुठे आहे तो पत्ता, डेटाबेसात ठेवता. विंडोजवर चालतं, अँड्रॉइडवर काही दिवसांनी फाइल गायब. बरोबर ना?

चूक पाथ साठवण्यात आहे. डेस्कटॉपवर फाइल पिकर (फाइल निवडायचं फ्लटरचं तयार पॅकेज) खरा पाथ देतो. अँड्रॉइडवर मात्र सिस्टिम देते कंटेंट यूआरआय, म्हणजे खऱ्या पाथऐवजी फाइलचा नुसता दुवा, आणि हे पॅकेज त्या फाइलची प्रत ॲपच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकून तिचा पाथ तुमच्या हातात ठेवतं. कॅश साफ झाली की पावती गेली! म्हणून निवडल्याबरोबर फाइल ॲपच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्स फोल्डरात कॉपी करा आणि डेटाबेसात फक्त फाइलचं नाव ठेवा. पूर्ण पाथ नकोच, आयफोनवर अपडेटनंतर तोही बदलू शकतो.

स्टोरेजची परवानगी मागत असाल तर काढून टाका. अँड्रॉइड 4.4 पासून सिस्टिमचाच पिकर आहे, त्याला ती लागत नाही. (आणि व्यापारी ती खिडकी दिसली की आधी 'नको' दाबतो, हा माझा भुसावळचा अनुभव.)

वापरकर्ता काही न निवडता मागे गेला तर नल (रिकामं मूल्य) येतं, तेवढं तपासा.