व्हिडिओ कंपन्यांनी टेलिकॉम कंपन्यांना नेटवर्कचे पैसे द्यायला हवेत का?

तुमचा प्रश्न असा: मोजक्या पाच-सहा कंपन्यांकडून इंटरनेटवरचा निम्म्याहून जास्त ट्रॅफिक, म्हणजे डेटाची ये-जा, येते, मग फायबर आणि टॉवरचा खर्च त्यांनी का उचलू नये? आणि त्यांनी तो उचलला, तर आपलं बिल कमी होईल का?

माझं उत्तर: उचलू नये. आणि बिलाची आशा तर सोडूनच द्या. मी काही वर्षं एका लहान इंटरनेट कंपनीचं नेटवर्क सांभाळलंय, म्हणजे जी बाजू हे पैसे मागते तिचाच पगार खाल्लाय. तरीही माझं मत असंच आहे, आणि त्याचं बरंचसं कारण ती नोकरीच.

'फेअर शेअर' (योग्य वाटा) या गोंडस नावानं चालणाऱ्या या वादात एक शब्द हमखास येतो: या कंपन्या ट्रॅफिक 'पाठवतात'. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, पण कोणाच्या सांगण्यावरून? रात्री नऊ वाजता कोणीतरी घरी बसून बटण दाबतं, मग तो डेटा निघतो. त्या माणसानं महिन्याचे पैसे आधीच भरलेत, आणि ते नेमके हा डेटा घरापर्यंत आणून देण्यासाठीच भरलेत. दुसऱ्या टोकाला व्हिडिओ कंपनी आपल्या सर्व्हरचे आणि आपल्या बाजूच्या जोडणीचे पैसे मोजते. मधल्या नाक्यावर दोन्ही नेटवर्क एकमेकांना जोडून घेतात, त्याला पीअरिंग म्हणतात. तिथे बहुतेक वेळा कोणी कोणाला काहीच देत नाही, कारण गरज दोघांनाही असते. पॅकेट क्लिअरिंग हाऊस या इंटरनेट जोडण्यांवर काम करणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये जगभरच्या अशा जोडण्यांची पाहणी केली, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त जोडण्या लेखी कराराशिवाय, निव्वळ शब्दावर चाललेल्या निघाल्या. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. मलाही पहिल्या महिन्यात वाटलं होतं.

आमच्याकडचाच एक प्रसंग सांगतो. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला कॅश सर्व्हर इंटरनेट कंपनीच्या इमारतीतच ठेवायला देतात, तोही फुकट. लोकप्रिय व्हिडिओ त्यात आधीच भरलेले असतात, त्यामुळे तोच व्हिडिओ हजार वेळा लांबून ओढावा लागत नाही. आमच्या व्यवस्थापनातले एक वरिष्ठ दर बैठकीत म्हणायचे, 'यांच्याकडून भाडं घ्यायला पाहिजे.' खाली आम्ही मात्र त्याच कंपनीला मेलवर मेल पाठवत होतो, की बाबांनो, आम्हाला एक पेटी द्या. आमचा ट्रॅफिक त्यांच्या किमान मर्यादेत बसत नव्हता म्हणून ते देत नव्हते. शेवटी मिळाली. पेटी लागली त्या आठवड्यात आम्हाला बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या मोठ्या कंपनीकडून विकत घ्यावी लागणारी बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) धाडकन खाली आली आणि भाड्याचा विषय बैठकीतून आपोआप गेला.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पाठवणाऱ्यानं पैसे द्यायचे ही कल्पना टेलिफोनच्या काळातली आहे. अनेक देशांत कॉल करणाऱ्याची कंपनी कॉल घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटाप्रमाणे पैसे देत आली. पण तुम्हाला एखाद्या माणसाला फोन लावायचा असेल, तर त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता एकच: तो ज्या कंपनीचा ग्राहक आहे ती कंपनी. दुसरा पर्यायच नाही. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर प्रत्येक कंपनी, कितीही छोटी असली तरी, मक्तेदार. ती मागेल तो दर द्यावा लागतो. म्हणूनच नियामकांना हे दर वर्षानुवर्षं खाली दाबत आणावे लागले. युरोपीय संघात २०२४ पासून मोबाइल कॉलची ही मर्यादा मिनिटाला ०.२ युरो सेंट आहे, म्हणजे जवळपास नाहीच. इतक्या कष्टानं विझवलेली चूल इंटरनेटवर पुन्हा पेटवायची, हा प्रस्ताव आहे.

ती पेटवून पाहिलेला देश म्हणजे दक्षिण कोरिया. २०१६ मध्ये तिथे नियम बदलला: इंटरनेट कंपन्यांनी एकमेकांना पाठवलेल्या ट्रॅफिकचे पैसे पाठवणाऱ्यानं द्यायचे. नियम फक्त इंटरनेट कंपन्यांपुरता होता, व्हिडिओ किंवा सोशल मीडियाच्या कंपन्यांना तो थेट लागू नव्हता. पण फेसबुकचा कॅश सर्व्हर केटी या कंपनीकडे होता आणि इतर दोन कंपन्यांचे ग्राहकही तिथूनच डेटा घेत होते. नव्या नियमानं केटी झाली 'पाठवणारी', म्हणजे सर्व्हर ठेवून घेतल्याची शिक्षा तिलाच. तिनं तो भार फेसबुककडे सरकवायचा प्रयत्न केला. फेसबुकनं त्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांचा काही ट्रॅफिक देशाबाहेरून वळवला आणि ते ग्राहक बसले गोल फिरणारं चक्र बघत. नियामकानं २०१८ मध्ये फेसबुकला सुमारे ४० कोटी वॉन दंड केला, तो पुढे न्यायालयांनी रद्द ठरवला.

मग नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड ही कोरियन इंटरनेट कंपनी यांचं भांडण, नेटवर्कच्या पैशांवरूनच. २०२० मध्ये कोर्टात गेलं. २०२१ मध्ये पहिला निकाल नेटफ्लिक्सच्या विरोधात लागला, त्याच वर्षी एका कोरियन मालिकेनं ट्रॅफिक आणखी फुगवला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी समेट केला. मोठ्यांचं असंच होतं, शेवटी बसून मिटवतात. लहान आणि मध्यम कंपन्यांना ती चैन नसते. ट्विच या थेट व्हिडिओ प्रक्षेपणाच्या कंपनीनं २०२२ मध्ये कोरियात व्हिडिओचा दर्जा ७२० पिक्सेलवर आणला, तरी भागेना, आणि २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथलं दुकानच बंद केलं. नेटवर्कचा खर्च इतर बहुतेक देशांपेक्षा दहापट आहे, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. ट्विच ॲमेझॉनच्या मालकीची आहे हे लक्षात घ्या. तिला परवडलं नाही, तर उद्या दोन मुलं एखाद्या खोलीत बसून जे काही बनवतील त्यांना काय परवडणार?

युरोपातल्या मोठ्या टेलिकॉम कंपन्यांनी २०२२ पासून हीच मागणी जोरात लावून धरली. तिथल्या नियामकांची संस्था बेरेकनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्राथमिक मत दिलं, की कोणी फुकट प्रवास करतंय याचा पुरावा दिसत नाही आणि ट्रॅफिक ग्राहकच मागवतात. कायदा झाला नाही, पण कोर्टाची वाट उघडीच राहिली. मे २०२४ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या न्यायालयानं मेटाला, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीला, डॉइचे टेलिकॉम या जर्मन टेलिकॉम कंपनीचे जोडणीपोटीचे सुमारे २ कोटी युरो द्यायला सांगितलं. मेटानं काही महिन्यांतच थेट जोडणी तोडली आणि ट्रॅफिक तिसऱ्याच कंपनीमार्फत फिरवायला घेतला. कोरियाचीच गोष्ट, फक्त भाषा जर्मन.

दुसऱ्या बाजूचंही थोडं ऐका, कारण ती अगदीच पोकळ नाही. मी वर 'बटण ग्राहक दाबतो' म्हणालो, तिथे एक फट आहे: आपोआप सुरू होणारे व्हिडिओ. ते कोण मागवतं? पुढचा भाग स्वतःहून चालू होतो, स्क्रीन तळहाताएवढी असली तरी दर्जा सर्वांत वरचा. ट्रॅफिकला किंमतच नसेल तर काटकसर कोण करेल, हा टेलिकॉमवाल्यांचा सवाल रास्त आहे. मार्च २०२० मध्ये सगळे घरी बसले तेव्हा युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सनं तिथला आपला ट्रॅफिक सुमारे २५ टक्क्यांनी कमी केला होता. म्हणजे करता येतं. पण ते झालं ते सांगितल्यावर, बिल पाठवून नव्हे.

शिवाय खर्चाचं गणित वाटतं तसं नाही. घरापर्यंतच्या फायबरचा मोठा खर्च खड्डा खणण्यात जातो. एकदा ती तार पडली की त्यातून महिन्याला दहा गिगाबाइट गेले काय आणि हजार गेले काय, खड्डा तेवढाच. वाढीव खर्च येतो तो रात्रीच्या गर्दीच्या तासाचा, आणि तिथेच कॅश सर्व्हर सर्वांत जास्त कामी येतो. मोबाइलवर परिस्थिती जरा वेगळी आहे, स्पेक्ट्रम (मोबाइलसाठीच्या रेडिओ लहरी) मोजकं असतं, तिथे गर्दी खरंच महाग पडते. पण तिथे ग्राहकाला विकायचे प्लॅन ठरवणं टेलिकॉम कंपनीच्याच हातात आहे. अमर्याद डेटा विकायचा आणि लोक तो वापरतात म्हणून तक्रार करायची, हे मला कधीच पटलं नाही.

मग दुर्गम भागातलं नेटवर्क कोण बांधणार, असं कुणी विचारेल. तो प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर सार्वजनिक निधी हे आहे. अमेरिकेत असा निधी टेलिकॉम सेवांच्या उत्पन्नावरच्या आकारणीतून भरतो. फोनचा धंदा आटत गेला तसा आकारणीचा दर ३० टक्क्यांच्या वर गेला, आणि तो भार अखेर ग्राहकांच्याच बिलात येतो. २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा निधी वैध ठरवला. त्यात मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनाही ओढा, ही सूचना मला मान्य होण्यासारखी आहे. फरक असा, की पैसा कायद्यानं ठरलेल्या दरानं निधीत जातो, त्याचा हिशेब मागता येतो, आणि पैसे दिले नाहीत म्हणून कोणाचा व्हिडिओ अडकवून ठेवायची किल्ली टेलिकॉम कंपनीच्या हातात जात नाही.

आता तुमचं बिल. टेलिकॉम कंपनीला दुसरीकडून पैसे मिळाले म्हणून ती दर उतरवेल, असं बंधन मी पाहिलेल्या एकाही प्रस्तावात नव्हतं. तुमच्या भागात तीन-चार कंपन्यांची खरी स्पर्धा असेल तर दर तसेही खाली राहतात. एकच कंपनी असेल तर ती रक्कम तिच्याकडेच राहील. आणि व्हिडिओ कंपनी तो खर्च कुठून काढणार? तुमच्या वर्गणीतून किंवा आणखी जाहिरातींतून. एकच डेटा, एकच प्रवास, आणि दोन पावत्या, दोन्ही तुमच्याच नावावर.