रंगांची पेटी माळ्यावर

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची आहे. बोरिवली पूर्वेला राहते, फोर्टला नोकरी करते. घरी नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. गेल्या दिवाळीपासून कशातच मन लागत नाही. सकाळी डोळे उघडले की छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. तीन महिन्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. नैराश्य आहे म्हणाले, गोळ्या सुरू केल्या. झोप सुधारली. ‘काहीतरी नवीन करायला घ्या,’ असंही त्यांनी सांगितलं. म्हणून झुंबाला नाव घातलं, तीन दिवस गेले. हार्मोनियमचा ऑनलाइन क्लास लावला, दोन तास झाले. जलरंगांची पेटी आणली, ती न उघडताच माळ्यावर गेली. नवरा वाईट नाही, पण परवा म्हणाला, ‘पैसे भरायचे आणि सोडून द्यायचं, असं किती दिवस?’ कधीकधी रात्री वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. माझ्याने काहीच होत नाही. आणखी काय नवीन करून बघू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रात्रीच्या वाक्यापाशी थांबले. बाकी सगळं नंतर. ते वाक्य तू मला लिहिलंस, तसंच्या तसं डॉक्टरांनाही सांग. पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, उद्याच फोन कर. नवऱ्यालाही सांग. आणि मध्यरात्री कुणाला उठवायचा संकोच वाटला, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरव. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. असा विचार मनात येणं हा आजाराचाच भाग आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तो एकटीने सांभाळायचाही नाही. गोळ्या मनाने बंद करू नकोस. थायरॉइड आणि बी-१२ तपासून झालं नसेल तर तेही विचार. त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच मरगळतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त ते अर्धंच तुझ्या हाती आलं.

मी स्वतः या वाटेने गेले आहे, म्हणून सांगते. २००९ साली माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि लालबागला चाळीत राहत होते. बिनपगारी रजा टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. लोकांनी प्रेमाने खूप सुचवलं. तू आधी भजन म्हणायचीस ना, मंडळात ये. मी एकदा गेले. आणि तिथेच सगळ्यात वाईट वाटलं, कारण पूर्वी जे गाताना अंगावर काटा यायचा, ते म्हणताना आत काहीच हललं नाही. जुन्या आवडीची हीच अडचण असते. तिच्या शेजारी आपलं पूर्वीचं रूप उभं असतं आणि आपण सारखे त्याच्याशी ताडून बघत राहतो. नव्या गोष्टीला असं पूर्वीचं माप नसतं. म्हणून डॉक्टर ‘नवीन’ म्हणतात.

पण तू घेतलेल्या तिन्ही गोष्टी नुसत्या नवीन नव्हत्या, शिकायच्या होत्या. झुंबात पावलं लक्षात ठेवायची, हार्मोनियमवर बोटं, रंगांत पाण्याचा अंदाज. नैराश्यात नेमकं लक्ष लागत नाही, आठवत नाही, साधा निर्णय घेता येत नाही. पाय मुरगळलेला असताना माणसाने कोर्टावर जाऊन बॅडमिंटनचा क्लास लावावा, तसं हे झालं. त्यातही दिवसभर नोकरी करून, विरार लोकलमध्ये उभं राहून घरी आल्यावर आरशांसमोर नाचायचं! जमलं नाही याचं मला नवल नाही. तीन दिवस गेलीस याचं आहे.

मला बाहेर काढलं ते शेजारच्या काकूंनी. त्यांचे यजमान पहाटे दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणायचे आणि काकू दारात बसून देवळासाठी आणि दोन दुकानांसाठी हार ओवायच्या. एका सकाळी त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, माझा अंगठा दुखतोय. साताच्या आत दोन हार जायचेत, जरा बसतेस?’ अंगठा खरंच दुखत होता का, ते मी कधी विचारलं नाही. गेले. त्यांनी दुहेरी दोरा घातलेली सुई हातात दिली. देठ खुडायचं, खालच्या हिरव्या वाटीच्या मधोमध सुई घालायची, फूल अलगद मागे सारायचं. जोरात सारलं तर पाकळ्या गळतात. पहिल्या दिवशी अकरा फुलं झाली आणि मी उठले. काकू ‘बरं’ म्हणाल्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. आनंद? अजिबात नाही. दोनेक आठवडे काहीच वाटलं नाही. मग एक दिवस भात कालवताना बोटांना झेंडूचा तो उग्र वास आला आणि मला एकदम भूक लागली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर मी समुपदेशन शिकले, आज बरीच वर्षं तेच काम करते आणि काकूंनी काय केलं ते मला पुस्तकात सापडलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सोन यांनी १९७०च्या दशकात मांडलं होतं : माणूस खचला की हालचाल कमी करतो, माणसं टाळतो. त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंगच घडेनासे होतात, आणि मग तो आणखी खचतो. हे चक्र मनाच्या बाजूने तोडता येत नसेल तर कृतीच्या बाजूने तोडायचं. या उपचाराला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच पद्धतीवर काम केलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती आणि सहा ते आठ भेटींचा उपचार होता. तीव्र नैराश्य असलेल्यांनाही त्याचा फायदा झाला, हे २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मी हे मुद्दाम सांगते, कारण ‘मूडच नाही, मूड आला की करीन’ असं प्रत्येक जण म्हणतो आणि इथे क्रम उलटा आहे. इच्छा मागून येते. कधीकधी फार मागून.

तर तुझ्यासाठी. पहिला आठवडा नवीन काहीही करायचं नाही. मुलाची एखादी अर्धी उरलेली वही घे. रात्री दिवसभरात केलेल्या चार-पाच गोष्टी लिही आणि प्रत्येकीपुढे दोन आकडे टाक, शून्य ते दहा. एक, बरं किती वाटलं. दुसरा, ‘हे मी केलं’ असं किती वाटलं. बहुतेक ठिकाणी शून्य आणि एकच येतील, येऊ देत. पण माझ्या अनुभवात सगळी पानं सारखी कधीच निघत नाहीत. कुणाला डबा भरल्यावर तीन आलेले असतात, कुणाला गाडीत खिडकी मिळाल्यावर दोन. तिथूनच पुढचं निवडायचं.

दुसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी. एक तुझ्या रोजच्या वाटेवरची. चर्चगेटहून फोर्टला तू बसने किंवा शेअर टॅक्सीने जात असशील, तर मंगळवारी आणि गुरुवारी ओव्हल मैदानातल्या पायवाटेने चालत जा. समोर राजाबाई टॉवर, बाजूला सकाळची क्रिकेटची प्रॅक्टिस. काही बघितलंच पाहिजे असं नाही, चालत पलीकडे पोचायचं. सकाळचं ऊन अंगावर पडतं, ते झोपेलाही चांगलं. फी नाही, क्लास नाही, सुटला दिवस तर सुटला.

दुसरी गोष्ट अशी हवी की जिथे कुणीतरी तुझी वाट बघतंय. हार साताच्या आत जायचे होते म्हणून मी उठत होते, स्वतःसाठी उठले नसते. मुलाला सांग, रविवारी सकाळी आपण नॅशनल पार्कला जाऊ. कान्हेरीपर्यंत चढायचं नाही. गेटातून आत, दहा मिनिटं चालायचं आणि परत. जाताना वहीत लिही, किती बरं वाटेल असं वाटतंय. आल्यावर लिही, किती वाटलं. या दोन आकड्यांतलं अंतर तू स्वतःच्या डोळ्यांनी बघावंस असं मला फार वाटतं. आजारी मन पुढच्या गोष्टींचा भाव फार कमी लावतं आणि ते आपल्याला कागदावर दिसल्याशिवाय पटत नाही.

तुझ्या नवऱ्याला हा पुढचा परिच्छेद वाचायला दे. भाऊ, पैसे गेले याची चिडचिड मला समजते. पण बायकोने तीन वेळा प्रयत्न केला, हे तुम्ही मोजलेलं नाही. ती चालायला निघाली की ‘किती वेळ लावशील’ विचारू नका, चपला घालून सोबत निघा. परत आल्यावर ‘कसं वाटलं’ हेही नको. चहा टाका.

झुंबा आणि हार्मोनियम आता सोडून दे, त्याचं ओझं नको. रंग मात्र ठेव. चित्र काढायचं नाही. वहीच्या पानावर काडेपेटीएवढा चौकोन आखायचा आणि एका रंगाने भरायचा. दिवसाला एक. निळा भरला की ब्रश धुवायचा, संपलं. महिन्याने पान कसं दिसतं ते मला कळव, आणि रविवारचे दोन आकडेही.

पण पेटी आज माळ्यावरून काढू नकोस. आज फक्त स्टूल आणून माळ्याखाली ठेव.