कोथरूडचा जुना फ्लॅट घ्यावा की वाकडचा नवा?

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: पुण्यात तुमची नोकरी हिंजवडी आयटी पार्कच्या फेज २ ला, बायकोची डेक्कनला, मुलगा पाच वर्षांचा, आणि आई-वडील कराडचं घर बंद करून कायमचे तुमच्याकडे येणार. सगळं धरून बजेट १ कोटी. त्यात कोथरूडला जुन्या इमारतीतला टू बीएचके बसतोय किंवा वाकडला नवा. मी वाकडला पाच वर्षं भाड्याने राहिले आणि २०२१ पासून कोथरूडला स्वतःच्या घरात आहे, म्हणून लिहिते.

माझं मत कोथरूड. पण लिफ्ट असेल किंवा तळमजला नाहीतर पहिला मजला मिळत असेल तरच.

तुमच्या प्रश्नात ऑफिसच्या अंतराबद्दल बरंच आहे आणि आई-वडिलांबद्दल एकच ओळ. आम्हीही वाकड निवडताना तेच केलं होतं. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत, मग घरही तिथेच. सासरे सातारा सोडून आमच्याकडे आले तेव्हा चूक कळली. आम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडायचो. घरात दिवसभर ते एकटे. खाली उतरलं की सोसायटीचं गेट, गेटबाहेर सर्व्हिस रोड, धड फुटपाथ नाही. भाजी, बँक, दवाखाना, कशालाही रिक्षा किंवा आम्ही. सहा महिन्यांत त्यांनी गेटबाहेर जाणंच सोडलं. कोथरूडला आल्यावर तेच सासरे पहाटे टेकडीवर जाऊ लागले, ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं, येताना भाजी आणायला लागले. माणूस तोच होता, बदलली होती फक्त वस्ती.

आता ऑफिसचं. कोथरूडहून हिंजवडी १५-१६ किलोमीटर, वाकडहून त्याच्या निम्म्याहूनही कमी, हे खरं आहे. पण सगळ्यात जास्त वेळ खाणारा तुकडा म्हणजे वाकड पूल किंवा भूमकर चौकापासून आयटी पार्कच्या आतपर्यंतचा. तो वाकडकरालाही चुकत नाही. पूर्वी कोथरूडकराला त्याआधी चांदणी चौकाचा जाच असायचा. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला आणि ती गाठ बरीच सुटली. नंतरचं बावधन, सूस, बाणेर महामार्गाने होतं, बाणेरच्या राधा चौकापाशी थोडं अडकतं. माझ्या नवऱ्याची एका बाजूने सरासरी पंचवीस मिनिटं वाढली. पावसाळ्यात त्याहून जास्त. हा भार खरा आहे, लपवत नाही. पण नोकरी बदलू शकते, घर सहसा बदलत नाही. आणि तुमच्या बायकोला आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीहून मेट्रोने डेक्कन दहा मिनिटांच्या आसपास पडेल. वाकडहून तिचा रोजचा प्रवास तुम्ही हिशेबात धरलेला दिसत नाही.

त्याच मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की मंडई आणि स्वारगेट. सप्टेंबर २०२४ पासून हा भुयारी टप्पा सुरू आहे. तुमच्या आई-वडिलांना कराडला लग्नकार्याला जायचं असेल तर स्वारगेटची एसटी ते स्वतःची स्वतः गाठू शकतील. तुम्हाला आत्ता हे किरकोळ वाटेल, त्यांना वाटणार नाही.

वाकडचा एजंट तुम्हाला हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोबद्दल नक्की सांगेल. २३ किलोमीटरचा मार्ग, २३ स्थानकं, त्यातलं एक वाकड चौकात. त्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि तेव्हापासून त्या नावावर फ्लॅट विकले जातायत. तुमची इमारत त्या स्थानकापासून चालत किती लांब आहे ते स्वतः चालून बघा. कस्पटे वस्ती किंवा दत्त मंदिर रोडच्या आतल्या बाजूला घर असेल तर मेट्रोपर्यंत पोचायलाच दुसरं वाहन लागेल.

पाणी हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं आणि तिथे २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. शहराची भिस्त मुख्यतः पवना धरणावर, आणि पवनेचं पाणी थेट शहरात आणणारी बंद जलवाहिनी २०११ च्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर वर्षानुवर्षं अडकून पडली. दरम्यान माणसं वाढतच गेली. मोठ्या सोसायट्या टँकरवर जगतात आणि ते पैसे मेंटेनन्समधून जातात. म्हणून तिथे फ्लॅट बघताना सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर बघू नका. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवर किती खर्च झाला ते विचारा. कोथरूडला खडकवासल्याचं पाणी, दुरुस्तीचा एखादा गुरुवार सोडला तर आमच्या गल्लीत रोज येतं.

वाकडची एक गोष्ट मात्र मला आजही सलते. माझी मुलगी तिथे रोज संध्याकाळी वीस-पंचवीस मुलांत खेळायची. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, गाड्या नाहीत, वरून हाक मारली की ऐकू जायचं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बारा घरं, त्यातल्या सात घरांत फक्त आजी-आजोबा, मुलं अमेरिकेत नाहीतर बंगळुरूला. पहिलं वर्षभर ती संध्याकाळी गॅलरीत नुसती उभी राहायची. शेवटी शेजारच्या मैदानावर खो-खोला घातली आणि मग तिचं जग सुरू झालं. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. फ्लॅट बघायला संध्याकाळी सहाला जा आणि खाली मुलं दिसतात का ते बघा.

मजल्याची अट का घातली ते सांगते. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांनी सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने ते खाली उतरू शकले नाहीत. ज्या वस्तीसाठी घर घेतलं ती त्यांनी चार महिने खिडकीतून पाहिली. त्यांचे मित्र वर येत राहिले, म्हणून निभावलं.

जुनं घर घेताना कागद नीट बघा. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डर किंवा मूळ मालकाच्या. झालं नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारकडून जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज तरी केलाय का. कोथरूडमध्ये गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्यामुळे सभेच्या इतिवृत्तांतात तो विषय आलाय का तेही विचारा. आला असेल तर तुम्ही राहायला जाल आणि दोन वर्षांत म्हाताऱ्या माणसांना घेऊन भाड्याच्या घरात जावं लागेल. जुन्या खरेदीखतात क्षेत्रफळ बहुतेकदा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून असतं, वाकडचं रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं. तुलना कार्पेटचीच करा, टेप घेऊन जा. इमारतीचं वय बघून बँक कर्ज कमी देऊ शकते, म्हणून टोकन देण्याआधी बँकेत विचारा.

पैशांत एक फरक लोक विसरतात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ९० लाखांवर साडेचार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घरावर तो नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे ७ टक्के. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर ६, पण नवरा-बायकोच्या जोडनावावर ही सवलत मिळत नाही. जुन्या घरात वायरिंग, पाइप आणि बाथरूम बदलायला पाच-सहा लाख वेगळे ठेवा, आमचे तेवढे लागले.

टोकन देण्याआधी आई-वडिलांना आठ दिवस बोलवा आणि तुम्ही ऑफिसला असताना त्यांना एकेक सकाळ दोन्हीकडे सोडा. दूध, औषध, देऊळ त्यांचं त्यांना सापडतंय का, रस्ता ओलांडता येतोय का, ते तुम्ही सांगू नका, त्यांना शोधू दे. दुपारी फोन करून विचारा, कुठे बसलात.