टेक्सासमधील किंग रँच आजही त्याच कुटुंबाकडे आहे का?

हो, १८५३ मध्ये रिचर्ड किंगने सुरू केलेली ही रँच, म्हणजे गुरं पाळण्याची विस्तीर्ण जमीन, आजही त्याच्या वंशजांच्याच मालकीची आहे. १८८५ मध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर मोठं कर्ज होतं. पत्नी हेन्रिएटा आणि जावई रॉबर्ट क्लेबर्ग यांनी ते फेडलं, शिवाय जमीनही वाढवली. माझ्या मते रँच टिकण्याचं खरं श्रेय या दोघांचं. पुढच्या पिढीने ‘ब्राह्मण’ (Brahman) आणि ‘शॉर्टहॉर्न’ या गाईगुरांच्या जातींच्या संकरातून उष्ण हवामानात तग धरणारी सांता गर्ट्रूडिस ही गोवंशाची जात तयार केली. १९४० मध्ये तिला अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळाली. घोड्यांची कामगिरीही तेवढीच मोठी: ‘क्वार्टर हॉर्स’ या अमेरिकन घोड्यांच्या जातीच्या नोंदवहीतला पहिला क्रमांक इथल्या ‘विम्पी’चा, आणि ‘असॉल्ट’ने १९४६ मध्ये ट्रिपल क्राउन (अमेरिकेतल्या तीन प्रमुख घोडशर्यती एकाच वर्षी जिंकण्याचा मान) जिंकला. मेक्सिकन वंशाच्या किनेन्यो गुराख्यांचा यात पिढ्यानपिढ्यांचा वाटा आहे, तो विसरू नये.

फक्त ‘कुटुंबाची’ म्हणजे सातबारा एकाच्या नावावर, असं समजू नका. १९३४ पासून ती कंपनी आहे; वारसांकडे शेअर असतात. हेन्रिएटाच्या १९२५ मधील निधनानंतर वाटण्या होऊन काही जमीन इतर वारसांकडेही गेली.