पासपोर्ट परत करण्याआधी युलिपचा अर्ज शोधा

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक लिहितात: "वय 54, 2014 पासून अमेरिकेचा नागरिक. पुढच्या वर्षी कायमचं पुण्याला यायचंय. आम्हा दोघांची मिळून संपत्ती 24 लाख डॉलर, म्हणजे माणशी 12. मर्यादा 20 लाखांची, तेव्हा नागरिकत्व सोडताना एक्झिट टॅक्स लागणार नाही ना? फेसबुकचे सहसंस्थापक एदुआर्दो सॅव्हरिन यांनी हेच केलं."

सॅव्हरिन यांनी फेसबुक शेअर बाजारात यायच्या आधी, 2011 मध्ये नागरिकत्व सोडलं, हे खरं. पण ते मूळचे ब्राझीलचे आणि राहायला सिंगापुरात, जिथे भांडवली नफ्यावर करच नाही. तुम्ही निघालात पुण्याला. इथे पहिली दोन-तीन वर्षं सवलतीची, पुढे जगभरातल्या उत्पन्नावर कर. मग वाचणार काय? शिवाय भारतीय नागरिकत्व तुम्ही 2014 लाच गमावलंत आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं) कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. आज अमेरिकेचं सोडलंत तर तुम्ही कुठल्याच देशाचे उरत नाही.

तुमचा प्रश्न इथे संपला. मी दचकलो ते ताजा कलम वाचून: "भारतातली बचत तिकडे कधी दाखवली नाही. सगळी करमुक्त आहे असं बँकेच्या मॅनेजरने सांगितलं होतं."

एफडी 60 लाख रुपये, म्युच्युअल फंड 45 लाख, युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) 31 लाख. झाले की दीड लाख डॉलर! परदेशी खात्यांत मिळून 10 हजार डॉलरच्या वर गेलं की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म, भरावा लागतो. तुम्ही पंधरापट वर आहात. एफडीचं व्याज तिथे करपात्र आहे, आणि भारतीय फंडांवरचा अमेरिकी कर तर नफा खाऊन टाकतो. युलिपमध्ये आठ वर्षांत 24 लाख भरून 31 झाले, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. एफडीनेही एवढं दिलं असतं. कमिशन मात्र मॅनेजरला पहिल्याच वर्षी मिळालं.

आता 20 लाखांची मर्यादा. ती तीन कसोट्यांपैकी एक. दुसरी असते मागच्या पाच वर्षांत भरलेल्या कराच्या सरासरीची. तिची चिंता नको. तिसरी म्हणजे त्या पाच वर्षांत कराचे सगळे नियम पाळले असं शपथेवर लिहून देणं. ते तुम्ही देऊ शकत नाही. मग संपत्ती 12 लाख असो की 12 हजार, तुम्ही एक्झिट टॅक्सच्या नियमात अडकलात. पुढे तिथल्या मुलीला काही दिलंत तर ठरावीक सूट वगळून 40 टक्के कर, आणि तो भरायचा तिनेच.

मार्ग आहे. चूक अजाणता झाली असेल तर तीन वर्षांची सुधारित विवरणपत्रं, सहा वर्षांचे एफबार आणि 5 टक्के दंड, म्हणजे साडेसात हजार डॉलर. थकलेला कर आणि व्याज वेगळं. पण जाणूनबुजून केलंत असं ठरलं तर निम्मी रक्कमही जाऊ शकते. युलिपच्या अर्जात 'मी अमेरिकेचा करदाता नाही' या चौकटीत खूण कोणी केली? मॅनेजरने केली असेल, तरी खाली सही तुमची आहे.

त्या अर्जाची प्रत मागवा आणि अमेरिकेतल्या कर-वकिलाला दाखवा. तोवर एकही फंड विकू नका, आणि त्या मॅनेजरचा फोन घेऊ नका.